‘मुकी इंग्रजी’ आणि परदेशी अध्यापक : चीनमधील एका पेशाचा भाषावैज्ञानिक विचार

१

परभाषा शिकवावयाची तर त्या भाषेच्या देशातीलच माणूस आणावा, ही कल्पना वरवर पाहता इतकी सरळ वाटते की तिच्या मुळाशी भाषेविषयी कोणती गृहीतके आहेत याची चिकित्सा सहसा केली जात नाही. ही कल्पना ज्या देशांनी गेल्या चार दशकांत फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणली त्यांत चीनची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. तेथील विद्यापीठांत, अध्यापक-महाविद्यालयांत, शाळांत आणि खाजगी शिकवणीवर्गांत इंग्रजी शिकविण्यासाठी अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतून अध्यापक येत राहिले. त्यांपैकी काहींनी आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्धही केले आहेत. असे ग्रंथ बहुधा प्रवासवर्णने म्हणून वाचले जातात. प्रस्तुत लेखात त्या जीवनाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. परदेशी अध्यापकाचा दिवस कसा जातो, त्याच्या वाट्यास कोणते तास येतात, विद्यार्थी त्याच्याशी काय बोलतात आणि केव्हा गप्प राहतात, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवरून एखादा समाज परभाषेला कोणते स्थान देतो हे कळून येते, असे आमचे प्रतिपादन आहे.

आरंभीच दोन चिनी संज्ञा समजून घेतल्या पाहिजेत. परदेशी अध्यापकास चिनी भाषेत ‘वाइच्याओ’ म्हणतात. ‘वाइ’ म्हणजे बाहेरचा आणि ‘च्याओ’ म्हणजे शिकविणे. दुसरी संज्ञा ‘याबा यिंग्यू’ ही होय. तिचा शब्दशः अर्थ ‘मुकी इंग्रजी’ असा आहे. वर्षानुवर्षे इंग्रजी शिकून व्याकरणाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा, परंतु तोंडाने एक वाक्य उच्चारताना अडखळणारा जो विद्यार्थी, त्याच्या ज्ञानाचे हे वर्णन चिनी लोकांनी स्वतःच केलेले आहे. वाइच्याओची योजना मुख्यतः या मुकेपणावरील उपाय म्हणून झाली. तो उपाय रोगाच्या मुळाशी कितपत पोचतो, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. (चिनी शब्दांचे देवनागरी लेखन येथे केवळ उच्चाराचे दिग्दर्शन करण्यापुरते आहे, सुरांची चिन्हे दिलेली नाहीत.)

२

चीनमध्ये शासकीय पातळीवर इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी माणूस नेमण्याची प्रथा १८६२ पर्यंत मागे जाते. दुसऱ्या अफूच्या युद्धात पराभव पत्करल्यानंतर परराष्ट्रांशी तह करावयाचे तर आपलेच दुभाषे हवेत, ही जाणीव राजदरबारास झाली आणि बीजिंग येथे ‘तुंगवन क्वान’ ही भाषाशाळा स्थापन झाली. जॉन बर्डन हा इंग्रज धर्मोपदेशक तेथील पहिला इंग्रजीचा शिक्षक होता आणि आरंभी त्याच्यापुढे दहा विद्यार्थी होते. नेमणूक करताना त्यास धर्मोपदेश न करण्याची अट घालण्यात आली होती. भाषा तेवढी द्यावी, तिच्याबरोबर येणारे विचार मात्र बाहेर ठेवावेत, ही भूमिका येथे प्रथमच स्पष्ट दिसते. पुढे १८६९ मध्ये विल्यम मार्टिन हा अमेरिकन गृहस्थ या शाळेचा प्रमुख झाला. तो चिनी भाषेत पारंगत होता आणि ‘तिंग वेइल्यांग’ या चिनी नावाने ओळखला जाई.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या अध्यापकांचे स्थान निराळे होते. आय. ए. रिचर्ड्स १९२९ मध्ये छिंगह्वा विद्यापीठात शिकविण्यास आले आणि पुढे मर्यादित शब्दसंख्येच्या ‘बेसिक इंग्रजी’चा प्रसार चीनमध्ये व्हावा म्हणून त्यांनी बराच प्रयत्न केला. त्यांचे शिष्य विल्यम एम्पसन १९३७ मध्ये आले तेव्हा जपानी आक्रमणामुळे विद्यापीठे स्थलांतर करीत होती. ग्रंथालये मागे राहिली होती. अशा स्थितीत एम्पसन यांनी स्मरणात असलेल्या इंग्रजी कवितांच्या आधारे वर्ग चालविले. हे अध्यापक केवळ उच्चार ऐकविण्यासाठी आलेले नव्हते. अभ्यासक्रमाच्या मुख्य गाभ्यात, म्हणजे साहित्य आणि समीक्षा यांत, त्यांचा सहभाग होता.

१९४९ नंतरच्या काळाचे उदाहरण म्हणून डेव्हिड व इझाबेल क्रूक या दांपत्याचा निर्देश करता येईल. १९४८ मध्ये हपेइ प्रांतातील एका खेड्यात सुरू असलेल्या शाळेत ही उभयता इंग्रजी शिकवू लागली. तीच संस्था बीजिंगला स्थलांतरित होऊन कालांतराने आजचे बीजिंग परकीय भाषा विद्यापीठ झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ ते १९७३ पर्यंत, डेव्हिड क्रूक यांना कारावास भोगावा लागला. तरीही ते दांपत्य चीन सोडून गेले नाही. १९१५ मध्ये छंगतू येथे जन्मलेल्या इझाबेल क्रूक २०२३ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी बीजिंग येथे निवर्तल्या.

या मधल्या काळात इंग्रजीचे स्थान स्थिर नव्हते. १९५० नंतरच्या दशकात रशियन भाषेस प्राधान्य होते. १९६४ च्या परकीय भाषाशिक्षणाच्या योजनेत इंग्रजीस प्रथम स्थान मिळाले. आणि दोनच वर्षांत सांस्कृतिक क्रांतीने ती योजना बाजूस सारली. १९७७ मध्ये विद्यापीठ-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे ‘काओखाओ’, पुन्हा सुरू झाली. इंग्रजीच्या गुणांचे वजन त्या परीक्षेत टप्प्याटप्प्याने वाढवीत नेऊन १९८३ मध्ये ते पूर्णांशाने धरले जाऊ लागले. १९८२ पासून ‘फॉलो मी’ हा बी.बी.सी.चा इंग्रजी पाठांचा कार्यक्रम चिनी दूरदर्शनवरून दाखविला जाऊ लागला व तो अतिशय लोकप्रिय झाला. १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची राष्ट्रीय चतुर्थश्रेणी परीक्षा सुरू झाली. २००१ मध्ये प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू करण्याचा निर्णय झाला. आपल्या महाराष्ट्रातही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी २००० मध्येच आली, हे येथे सहज आठवावे. अशा रीतीने इंग्रजी शिकणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली, आणि त्याचबरोबर ती मुख्यत्वे परीक्षेचा विषय बनली.

३

परदेशी अध्यापकाचे आजचे स्थान या परीक्षाव्यवस्थेवरून ठरते. काओखाओच्या रूढ आराखड्यात एकूण ७५० गुणांपैकी इंग्रजीस १५० गुण असतात; म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्याइतकेच. वाचन, शब्दयोजना, लेखन आणि ऐकून समजणे यांत हे गुण विभागलेले असतात. बीजिंग, शांघाय, ग्वांगतुंग अशा काही ठिकाणी बोलण्याच्या चाचणीचे गुण एकूण बेरजेत धरले जातात. पुष्कळ प्रांतांत मात्र बोलण्यावाचून विद्यार्थ्याचे काही अडत नाही. चतुर्थश्रेणी परीक्षेतही बोलण्याची चाचणी स्वतंत्र आणि ऐच्छिक आहे.

याचा परिणाम अध्यापनाच्या वाटणीवर होतो. ‘चिंगतू’ म्हणजे सूक्ष्म वाचन हा विषय चिनी अध्यापक शिकवितात. एकेका उताऱ्यातील प्रत्येक शब्द, प्रत्येक रचना उलगडून दाखवावयाची, ही त्याची पद्धत होय. याउलट ‘खोउयू’ म्हणजे मौखिक भाषा हा विषय बहुतकरून परदेशी अध्यापकाकडे सोपविला जातो. ज्यावर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून आहे तो भाग घरच्या माणसाकडे आणि ज्यावर फारसे काही अवलंबून नाही तो भाग पाहुण्याकडे, अशी ही वाटणी आहे. पाहुण्यास सन्मानाने पानावर बसवितात. चूल त्याच्या हाती देत नाहीत. परदेशी अध्यापकाच्या दैनंदिन जीवनातील मानसन्मान आणि एकटेपणा या दोहोंचेही मूळ या वाटणीत शोधावे लागते.

नेमणुकीचे नियमही येथे लक्षात घेतले पाहिजेत. १ एप्रिल २०१७ पासून परदेशी व्यक्तींसाठी काम करण्याच्या परवान्याची एकच पद्धत चीनभर लागू झाली. तिच्यानुसार भाषेच्या अध्यापकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी, त्या भाषेच्या देशातील विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी असावी आणि भाषाशिक्षणाचा दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी अपेक्षा असते. शिक्षणशास्त्राची वा भाषेची पदवी, किंवा भाषा शिकविण्याचे मान्य प्रमाणपत्र असल्यास अनुभवाची अट शिथिल होते. म्हणजे अनुभवास पर्याय आहे. मातृभाषेच्या अटीची तशी गोष्ट नाही. या चौकटीत पुण्याचा अथवा मडगावचा माणूस, त्याचे सर्व शिक्षण इंग्रजीतून झालेले असले तरी, सर्वसाधारणपणे बसत नाही. त्याच वेळी इतिहास किंवा वाणिज्य या विषयाचा पदवीधर असलेला तरुण, भाषेच्या स्वरूपाचा विचार त्याने पूर्वी कधी केलेला नसला तरी, अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राच्या आधारे त्या चौकटीत बसू शकतो.

४

आता प्रत्यक्ष दिनक्रमाकडे वळू. अध्यापक चीनमध्ये उतरला की हॉटेलबाहेर राहणाऱ्या प्रत्येक परदेशी व्यक्तीप्रमाणे त्यास चोवीस तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात आपल्या निवासाची नोंद करावी लागते आणि प्रवेशानंतर तीस दिवसांच्या आत वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. विद्यापीठात नेमणूक असेल तर राहण्याची जागा बहुधा विद्यापीठाच्या आवारातच मिळते. अनेक ठिकाणी परदेशी अध्यापकांसाठी वेगळी इमारत असते. ही सोय आदरातिथ्यापोटी केलेली असते हे खरे. पण तिच्यामुळे चिनी सहकाऱ्यांच्या घरगुती वर्तुळापासून तो दूरही पडतो.

सकाळी आवारात ‘त्साओतू’ म्हणजे प्रातर्वाचन ऐकू येते. झाडाखाली, जिन्याच्या कोपऱ्यात, तळ्याच्या काठी विद्यार्थी हाती पुस्तक घेऊन इंग्रजी उतारे मोठ्याने वाचीत असतात. ‘मुकी इंग्रजी’ हे वर्णन या दृश्याशी कसे जुळते, असा प्रश्न वाचकांस पडेल. उत्तर असे की येथे आवाज आहे, परंतु श्रोता नाही. हे पाठांतर आहे, संभाषण नव्हे. आपल्याकडील घोकंपट्टीशी परिचित असलेल्यांना हा भेद निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि विद्यापीठात बहुधा दोन तास जोडून घेतले जातात. अध्यापकाकडे आठवड्यास सामान्यतः बारा ते अठरा तास असतात. पुष्कळदा एकच पाठ निरनिराळ्या तुकड्यांपुढे लागोपाठ द्यावा लागतो. प्रत्येक तुकडीचा एक ‘पानचांग’ म्हणजे वर्गप्रमुख असतो. उपस्थिती, निरोप, वेळापत्रकातील बदल हे सर्व त्याच्यामार्फत चालते. आता त्यासाठी वीचॅटवर तुकडीचा गट असतो. कचेरीतील सूचना चिनी भाषेत निघत असल्यामुळे अध्यापकास त्या बहुधा उशिरा किंवा दुसऱ्याच्या तोंडून कळतात. राष्ट्रीय सणाच्या सुट्टीचे उदाहरण बोलके आहे. १ ऑक्टोबरपासून मिळणारी सलग सुट्टी साधण्यासाठी लगतचे शनिवार-रविवार कामाचे ठरविले जातात. ही पद्धत ठाऊक नसलेला नवा अध्यापक रविवारी सकाळी निवांत असतो आणि तिकडे वर्गात विद्यार्थी त्याची वाट पाहत बसलेले असतात.

दुपारी भोजनालयात जेवण झाल्यावर आवारात एक प्रकारची निःशब्दता पसरते. ‘वूश्यू’ म्हणजे माध्याह्नीची विश्रांती ही तेथे दिनक्रमाचाच भाग मानली जाते आणि त्या वेळात कोणी कोणाकडे कामासाठी जात नाही. प्यावयास गरम पाणी असते. हिवाळ्यात भूगोलाचा अनुभव येतो : छिनलिंग पर्वत आणि ह्वाइ नदी यांच्या उत्तरेस घरे मध्यवर्ती योजनेने तापविली जातात, दक्षिणेस ही व्यवस्था सामान्यतः नसल्याने अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही वर्गात जाड कोट घालून बसतात.

संध्याकाळी ‘यिंग्यू च्याओ’ म्हणजे इंग्रजीचा कोपरा भरतो. बोलण्याचा सराव करू इच्छिणारे विद्यार्थी आवारातील एखाद्या ठरलेल्या जागी जमतात आणि अध्यापकाभोवती कडे करतात. प्रश्न ठरलेले असतात. आपण कोणत्या देशाचे? चिनी जेवण आवडते का? काड्यांनी खाता येते का? वर्षभर तेच प्रश्न ऐकून अध्यापक कंटाळतो. परंतु मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे बोलण्याचा एक मोठा भाग माहितीच्या देवघेवीसाठी नसून संबंध जुळविण्यासाठी असतो. विद्यार्थ्यांना उत्तर नको असते. परक्या माणसाशी परक्या भाषेत आपले बोलणे पोचते, एवढा प्रत्यय हवा असतो.

५

या दैनंदिन व्यवहारात दोन भाषांच्या घर्षणाची अनेक उदाहरणे आढळतात. त्यांपैकी काही मराठी भाषकास विशेष उद्बोधक वाटतील.

पहिले उदाहरण संबोधनाचे. चिनी विद्यार्थी शिक्षकास ‘लाओशी’ असे संबोधतो. आडनावापुढे हाच शब्द जोडला की आदरार्थी उल्लेख होतो. इंग्रजी बोलतानाही तो अध्यापकास ‘टीचर’ अशीच हाक मारतो. इंग्रजी मातृभाषकास हे खटकते, कारण त्याच्या भाषेत मोठ्या विद्यार्थ्याने शिक्षकास अशी व्यवसायवाचक हाक मारण्याचा परिपाठ नाही. तो विद्यार्थ्यांना स्वतःचे पहिले नाव घेण्यास सांगतो आणि विद्यार्थ्यांची पंचाईत होते. ‘गुरुजी’, ‘सर’, ‘बाई’ अशी हाक मारण्याचा संस्कार असलेल्या आपल्या समाजास ही पंचाईत लगेच कळेल. ती शब्दसंग्रहाची उणीव नसून आदराचे व्याकरण वेगळे असल्याची खूण आहे.

दुसरे उदाहरण अभिवादनाचे. ‘छ्र ल मा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ ही जुन्या वळणाची चिनी विचारपूस आहे. तिचे इंग्रजी भाषांतर कानी पडताच परदेशी अध्यापकास वाटते की आपणांस जेवावयास बोलावीत आहेत. दुपारी रस्त्यात भेटलेल्यास ‘जेवण झालं का?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाचा असा गोंधळ होण्याचे कारण नाही.

तिसरे उदाहरण सर्वनामाचे. बोली चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी ‘था’ हे एकच रूप आहे. लेखनात स्त्रीवाचक वेगळे चिन्ह १९२० च्या सुमारास ल्यू पाननुंग यांच्या पुरस्कारामुळे रूढ झाले. उच्चार मात्र एकच राहिला. त्यामुळे इंग्रजीत उत्तम निबंध लिहिणारा विद्यार्थी बोलताना आपल्या आईविषयी ‘तो’ असा प्रयोग करून जातो. मराठी शिकणाऱ्यास असा प्रश्न सर्वनामापाशी पडत नाही. उपपदांच्या बाबतीत मात्र मराठी आणि चिनी विद्यार्थी एकाच नावेत आहेत, कारण इंग्रजीसारखी उपपदे दोन्ही भाषांत नाहीत.

चौथे उदाहरण निषेधार्थी प्रश्नाचे. ‘तू आला नाहीस का?’ या प्रश्नास चिनी विद्यार्थी ‘हो’ असे उत्तर देतो, तेव्हा ‘आपण म्हणता ते खरे, मी आलो नाही’ असे त्यास सुचवावयाचे असते. ‘हो, नाही आलो’ ही मराठीतील रचना याच धर्तीची आहे. इंग्रजीत होकार वा नकार प्रश्नाच्या रूपावर नव्हे, तर घडलेल्या गोष्टीवर अवलंबून असतो.

उच्चाराच्या बाबतीत असे दिसते की बीजिंगच्या प्रमाण चिनीत शब्दावयवाच्या शेवटी न्, ङ् आणि काही शब्दांत र् यांवाचून व्यंजन येत नाही. म्हणून अन्त्य व्यंजनांपुढे विद्यार्थी एक हलका स्वर जोडतात. सिचुआन वगैरे प्रांतांतील काही बोलींत न आणि ल यांचा भेद पाळला जात नाही व तोच गोंधळ इंग्रजीत उतरतो. क्रियापदास काळाचे प्रत्यय नाहीत. क्रियाव्याप्ती ‘ल’ सारख्या निपातांनी दर्शविली जाते. तेव्हा भूतकाळाचे रूप विसरणे हा निष्काळजीपणा नसतो.

ही सर्व स्थळे चिनी अध्यापकास आतून ठाऊक असतात, कारण तो स्वतः त्याच वाटेने गेलेला असतो. चिनी न जाणणाऱ्या परदेशी अध्यापकास चूक ऐकू येते, पण तिचे कारण दिसत नाही. तो वाक्य दुरुस्त करून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा ऐकतो.

६

परदेशी अध्यापकांच्या अनुभवकथनात सर्वाधिक वेळा येणारी तक्रार वर्गातील शांततेविषयी असते. प्रश्न विचारला की चाळीस माना खाली जातात. या शांततेस अज्ञान किंवा अनास्था समजणे भाषावैज्ञानिक दृष्ट्या चुकीचे ठरेल. एक तर बोलण्यास गुण नाहीत. दुसरे असे की चारचौघांत चूक होणे म्हणजे ‘म्येन्त्झ’, म्हणजे लोकांतील आब, गमावणे होय. आणि बरोबर उत्तर पुढे होऊन देणे म्हणजे सोबत्यांपेक्षा आपण वरचढ आहोत असे मिरविणे होय. दोन्हीकडून गप्प राहणेच शहाणपणाचे ठरते. वर्गप्रमुखाने नाव घेऊन उठविले, किंवा दोघादोघांच्या जोड्या करून दिल्या, तर तेच विद्यार्थी बोलू लागतात. म्हणजे मुकेपण जिभेत नसून प्रसंगाच्या रचनेत असते.

या संदर्भात पीटर हेसलर यांचा अनुभव मननीय आहे. अमेरिकन शांतिदलाचे स्वयंसेवक म्हणून १९९६ ते १९९८ या काळात त्यांनी यांगत्से नदीकाठच्या फूलिंग या गावी अध्यापक-महाविद्यालयात इंग्रजी शिकविले. त्यावरील त्यांचा ‘रिव्हर टाउन’ हा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे ते स्वतः चिनी भाषाही शिकत होते. त्यांच्या चिनी शिक्षिका चूक झाली की ‘पू त्वेइ’, म्हणजे ‘बरोबर नाही’, एवढेच म्हणत. कौतुकाचा शब्द सहज मिळत नसे. प्रत्येक प्रयत्नाची प्रशंसा करणाऱ्या अमेरिकन पद्धतीत वाढलेल्या माणसास हे प्रथम झोंबले. परंतु विद्यार्थ्याच्या बाकावर बसल्यामुळेच चिनी विद्यार्थी चुकीस इतका का भितो आणि तिच्यातून शिकतो कसा, हे समजून घेण्याची वाट त्यांना मोकळी झाली. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. ते वैद्यक शिकविणारे होते, भाषा नव्हे. परंतु युद्धकाळात चीनमध्ये राहून त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि त्यामुळेच ते तेथे पाहुणे राहिले नाहीत.

मातृभाषक हाच उत्तम शिक्षक या समजुतीस रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये उघडपणे भ्रम म्हटले. पीटर मेज्येश यांनी १९९४ मध्ये असे दाखविले की परभाषा शिकून मग शिकविणारा अध्यापक विद्यार्थ्यांच्या अडचणी आधीच ओळखू शकतो आणि स्वतःच्या उदाहरणाने त्यांना मार्ग दाखवितो. त्यापूर्वी १९८५ मध्ये ब्रज काचरू यांनी इंग्रजीच्या तीन वर्तुळांची कल्पना मांडली होती : पहिले ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांचे, दुसरे भारतासारख्या देशांचे आणि तिसरे चीनसारख्या देशांचे. चीनमधील नियम पहिल्या वर्तुळातून तिसऱ्या वर्तुळात माणसे आणतात आणि दुसरे वर्तुळ ओलांडून जातात. वस्तुतः इंग्रजी ही शिकून मिळविण्याची गोष्ट आहे, हे ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे ते दुसऱ्या वर्तुळातच आहेत.

याचा अर्थ मातृभाषक अध्यापकाचे काम निरुपयोगी आहे असा नव्हे. चिनी न जाणणारा माणूस समोर असला की इंग्रजी बोलणे ही खरोखरीची गरज बनते; ही परिस्थिती चिनी अध्यापक निर्माण करू शकत नाही, कारण तो आणि विद्यार्थी दोघेही जाणतात की चिनीत बोलून काम अधिक लवकर होईल. परदेशी अध्यापकाचे मोल त्याच्या जन्मसिद्ध उच्चारात नसून या गरजेच्या निर्मितीत आहे. आता हातातील मोबाइल दोन्ही बाजूंचे बोलणे भाषांतरित करून देतो. त्यामुळे ती गरजही क्षीण होऊ लागली आहे, आणि अध्यापकास चिनी शिकण्याचे कारणही.

७

गेल्या काही वर्षांत या पेशाचे क्षेत्र आकुंचित झाले आहे. १९९३ मध्ये चीनमध्ये सुरू झालेली अमेरिकन शांतिदलाची योजना १९२० च्या नव्हे, तर २०२० च्या महासाथीच्या वर्षी संपुष्टात आली. तेरा शतकांहून नव्हे, तर तेराशेहून अधिक स्वयंसेवकांनी तोपर्यंत तेथे काम केले होते. जुलै २०२१ मध्ये विद्यार्थ्यांवरील गृहपाठाचा आणि शिकवण्यांचा भार कमी करण्याचे धोरण जाहीर झाले. शालेय विषयांच्या खाजगी शिकवणीसंस्थांना नफा मिळविण्यास बंदी झाली आणि देशाबाहेर राहणाऱ्या परदेशी शिक्षकांकडून शिकवणी देण्यासही मनाई झाली. संगणकाच्या पडद्यावरून शिकविणाऱ्या असंख्य परदेशी शिक्षकांचे काम त्यामुळे सुटले. विद्यापीठांतील नेमणुका मात्र चालू आहेत.

एवढ्या विवेचनावरून काय निष्पन्न होते? परीक्षेने भाषेचे दोन तुकडे केले, त्यांपैकी बोलण्याचा तुकडा अभ्यासक्रमाच्या कडेला गेला आणि कडेवर बाहेरच्या माणसाची नेमणूक झाली. मग विद्यार्थी बोलत नाहीत याचे खापर कधी विद्यार्थ्यांच्या स्वभावावर, तर कधी परदेशी अध्यापकाच्या अननुभवावर फुटले. परंतु वर्गात जे घडत होते ते गुणपत्रिकेच्या रचनेशी पूर्णतः सुसंगत होते. ज्या ठिकाणी बोलण्यास गुण मिळू लागले तेथे घरचे अध्यापकही बोलणे शिकवू लागतात, ही गोष्ट कोणत्याही परीक्षाप्रधान समाजास लागू पडेल.

मराठी माध्यमातून आलेल्या, पदव्युत्तर वर्गात इंग्रजी ग्रंथ समजून वाचणाऱ्या, पण चर्चासत्रात इंग्रजीतून प्रश्न विचारताना संकोचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही ‘मुकी इंग्रजी’ अपरिचित नाही. त्यांच्यासाठी परदेशातून माणूस आणावा असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. केवळ आर्थिक कारणाने म्हणत नसलो तरी तो आपला लाभच समजावा. चीनच्या अनुभवावरून दोन प्रश्न अभ्यासकांपुढे ठेवावेसे वाटतात. बोलण्याच्या प्रसंगाची रचना बदलली असता मराठी विद्यार्थ्याचे मौन किती प्रमाणात सुटते, हा पहिला. आणि विद्यार्थ्याची मातृभाषा जाणणाऱ्या व न जाणणाऱ्या अध्यापकांच्या दुरुस्तीत नेमका कोणता फरक पडतो, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न वर्गात बसून, नोंदी करून सोडविता येण्यासारखे आहेत. या विभागातील कोणी विद्यार्थ्याने ते हाती घेतल्यास त्याचे फळ केवळ प्रबंधापुरते राहणार नाही.